याखिमोव : डॉलरचे आजोळ, रेडियमचे माहेर

(१)
चेक प्रजासत्ताकाच्या वायव्य कोपऱ्यात, जर्मनीच्या सीमेला अगदी खेटून याखिमोव नावाचे एक गाव आहे. वस्ती जेमतेम अडीच हजार. जगातील सर्वांत बलाढ्य चलनाला नाव मिळाले ते या गावामुळे. मारी क्यूरीने रेडियम वेगळे केले ते इथल्या कारखान्याने टाकून दिलेल्या गाळातून. आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर हजारो राजकीय कैद्यांकडून सक्तीने युरेनियम खणवून घेतले गेले तेही इथेच. आजचा धागा या तिन्ही गोष्टींविषयी आहे. आणि चारशे वर्षे या तिहींच्या मागोमाग चालत आलेल्या एका रोगाविषयीही. धागा लांबला आहे. सवडीने वाचावा.

(२)
आधी भूगोल, कारण पुढचे सारे त्यातूनच आले आहे. बोहेमिया आणि सॅक्सनी यांच्यामध्ये जी पर्वतरांग उभी आहे तिला चेक भाषेत क्रुश्ने होरी म्हणतात, जर्मनमध्ये एर्झगेबिर्ग. दोन्ही नावांचा आशय एकच : धातुकांचे डोंगर. सॅक्सनीच्या बाजूने हे डोंगर सावकाश उतरतात. बोहेमियाच्या बाजूला मात्र ते भिंतीसारखे कोसळतात. सर्वोच्च शिखर क्लिनोवेत्स, १२४४ मीटर. त्याच्या पायथ्याशी, दक्षिणेकडे उतरणाऱ्या एका अरुंद दरीत याखिमोव वसले आहे. दरी इतकी चिंचोळी की गावाला रुंदी अशी नाहीच. एक लांब चढता रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरे. हिवाळा दीर्घ, बर्फ भरपूर, शेतीला जमीन जवळजवळ नाही. वीसेक किलोमीटरवर कार्लोव्ही वारी हे उन्हाळ्यांचे (गरम झऱ्यांचे) प्रसिद्ध शहर आहे. सुखाने राहायचे तर माणूस तिकडे उतरेल. इथे वर चढून येण्याचे कारण एकच असू शकते, ते म्हणजे जमिनीच्या पोटात काहीतरी असणे.

(३)
पंधराव्या शतकाच्या अखेरीस पलीकडच्या सॅक्सनीत चांदी लागली आणि तिथे आन्नाबेर्ग हे नगर उभे राहिले. ‘आन्ना’ म्हणजे संत ॲना, येशूची आजी. नंतर मारियेनबेर्ग वसले, येशूच्या आईच्या नावाचे. सीमेच्या अलीकडे काउंट श्टेफान श्लिक या सरदाराच्या जहागिरीत, कोनराड्सग्रुन नावाच्या ओसाड पडलेल्या खेड्याच्या जागी चांदीच्या शिरा सापडल्या, तेव्हा त्याने १५१६ साली नगर वसवले आणि ॲनाच्या नवऱ्याचे, म्हणजे संत योआखिमचे नाव त्याला दिले. योआखिमस्टाल : योआखिमची दरी. चेक नाव याखिमोव हे त्याचेच रूप. पवित्र कुटुंबातील एकेका सदस्याला एकेक खाण वाहण्याची ही पद्धत मला नेहमी गमतीची वाटते. चांदी मिळवण्यासाठी वशिला लावायचा तर तो घरच्याच माणसाचा असावा!

(४)
पुढच्या वीस वर्षांत जे घडले त्याला ‘वाढ’ हा शब्द अपुरा आहे. १५३० च्या दशकात इथली लोकसंख्या सुमारे अठरा हजारांवर गेली होती. बोहेमियाच्या राज्यात प्राग वगळता इतके मोठे शहर दुसरे नव्हते, असे सांगतात. १५१८ मध्येच खाणकामाचा कायदा झाला, १५२० मध्ये राजा लुई दुसरा याने स्वतंत्र खाणनगराचा दर्जा दिला. खाणींची मालकी वाट्यांत विभागलेली असे. एका खाणीचे १२८ वाटे, प्रत्येकाचे नाव ‘कुक्स’. चांदी लागेपर्यंत वाटेकऱ्याने पैसे भरत राहायचे, चांदी लागली की नफा घ्यायचा. हे वाटेकरी बहुधा दूरच्या शहरांतले व्यापारी. त्यांनी दरी कधी पाहिली असेल-नसेल. पाळीवर खाली उतरणारा माणूस निराळाच असे. १५२५ मध्ये, शेजारच्या जर्मन मुलखात शेतकऱ्यांचा उठाव पेटलेला असताना, इथल्या खाणकामगारांनीही बंड केले. मागण्या काही अंशी मान्य झाल्या, वाट्यांची पद्धत तशीच राहिली.

(५)
आता नाण्याविषयी. श्लिक घराण्याने मिळालेल्या चांदीची नाणी स्वतःच पाडायला सुरुवात केली आणि जानेवारी १५२० मध्ये बोहेमियाच्या विधिसभेने त्याला मान्यता दिली. एका बाजूला संत योआखिम आणि श्लिकांचे कुलचिन्ह, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह आणि राजा लुईचे नाव. मोठे, जाड, सुमारे २९ ग्रॅम वजनाचे रुप्याचे नाणे. एका सोन्याच्या गुल्डनच्या तोडीचे.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. सोन्याच्या नाण्याइतक्या मोलाचे मोठे चांदीचे नाणे ही काही याखिमोवची कल्पना नव्हे. तिरोलमध्ये ते १४८६ मध्येच पाडले गेले होते. याखिमोवचे वेगळेपण होते ते संख्येत. इथल्या टाकसाळीने अशी नाणी लाखांच्या हिशेबाने बाजारात ओतली. लाइपझिगच्या जत्रेपासून सर्वत्र ती दिसू लागली. लोक त्यांना ‘योआखिमस्टालर’ म्हणू लागले, आणि रोजच्या बोलण्यात एवढे लांब नाव टिकत नाही म्हणून उरले केवळ ‘टालर’. शब्दशः अर्थ : दरीतला.

(६)
राजा लुई १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत तुर्कांशी लढताना मारला गेला, वय अवघे वीस. श्टेफान श्लिकही त्याच लढाईत गेला. त्याचा मृतदेहही मिळाला नाही. बोहेमियाची गादी हाब्सबुर्ग घराण्याच्या फर्डिनांडकडे आली आणि दोनच वर्षांत, १५२८ मध्ये, त्याने नाणी पाडण्याचा हक्क श्लिकांकडून काढून घेतला. म्हणजे नाण्याचे मूळ नाव जन्माला घालणारी खासगी टाकसाळ जेमतेम आठ-नऊ वर्षे चालली. १५३० च्या दशकात उभी राहिलेली राजाची टाकसाळ गावाच्या मुख्य रस्त्यावर आजही आहे. तिच्यात आता संग्रहालय आहे.

(७)
नाव मात्र पुढे निघून गेले. नेदरलंडमध्ये ते डाल्डर झाले, स्कँडिनेव्हियात डालर, इंग्रजीत डॉलर. डच व्यापाऱ्यांचे सिंहाच्या छापाचे डाल्डर अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कच्या परिसरात चालत असत. स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींतून येणाऱ्या आठ रेआलच्या नाण्यालाही इंग्रज ‘स्पॅनिश डॉलर’ म्हणत. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथे पौंड नको होता आणि लोकांच्या हातात व तोंडात डॉलर होताच. १७८५ मध्ये तोच चलनाचा पाया म्हणून स्वीकारला गेला.

याच कुळातला आणखी एक वंशज आपल्या मुंबईपर्यंत पोहोचला, हे मला अलीकडेच वाचनात सापडले. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या मुद्रेचा टालर अरबस्तान आणि इथिओपिया या भागांत इतका विश्वासाचा झाला की, ती १७८० मध्ये वारल्यानंतरही लोक तेच नाणे मागत राहिले. परिणामी पुढे जिथे जिथे तो पाडला गेला तिथे त्यावर साल १७८० च राहिले. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतील मोहिमेसाठी ब्रिटिशांना हे नाणे हवे होते. त्यामुळे १९४०-४१ मध्ये फोर्टमधल्या मुंबई टाकसाळीत, युद्धाच्या धामधुमीत, दीडशे वर्षांपूर्वीच्या सम्राज्ञीचे आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या सालाचे टालर पाडले गेले. बोहेमियातल्या एका दरीचे नाव घेऊन मुंबईत पाडलेले नाणे आफ्रिकेच्या बाजारात!

(८)
डॉलरची गोष्ट सांगणारे बहुतेक लेख इथे थांबतात. मला मात्र परत दरीत यायचे आहे, कारण नाणी बाहेर जात असताना तिथे राहिलेल्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न उरतोच.

१५२७ मध्ये गावाचा वैद्य म्हणून एक तरुण सॅक्सन विद्वान आला. गेओर्ग बाउअर, लॅटिनमध्ये गेओर्गियुस आग्रिकोला. तो इथे तीनेक वर्षे होता. रोगी पाहून झाले की खाणीत उतरायचे, भट्ट्यांवर जायचे, कामगारांना एकेका दगडाचे नाव विचारायचे, हा त्याचा क्रम. त्यातून १५३० मध्ये ‘बेर्मानुस’ हे संवादरूप पुस्तक आले आणि अखेरीस १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ‘दे रे मेतालिका’ हा खाणविद्येचा महाग्रंथ. पुढची दीड-दोनशे वर्षे युरोपात या विषयावर त्याच्या तोडीचे पुस्तक नव्हते. (त्याचे इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये एका खाण अभियंत्याने आणि त्याच्या पत्नीने केले. अभियंत्याचे नाव हर्बर्ट हूवर, जो पुढे डॉलरच्या देशाचा अध्यक्ष झाला.)

(९)
या ग्रंथात यंत्रे, पंप, भाते, हवा खेळवण्याच्या युक्त्या यांची अप्रतिम चित्रे आहेत. पण मला तो ग्रंथ महत्त्वाचा वाटतो तो कामगारांच्या आजारांवरील थोड्या पानांसाठी. कोरड्या खाणीतील धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि ती पोखरते, असे आग्रिकोला लिहितो. कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या मुलखात अशा स्त्रिया आढळतात ज्यांनी सात-सात नवरे केले आणि सातही क्षयाने नेले, असेही तो नोंदवतो. आणि तो उपायही सांगतो : खाणीत हवा खेळती ठेवा, धुळीपासून बचावासाठी तोंडावर सैल कापड बांधा.

साल १५५६. रोगाचे कारण त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. पण खाणीत उतरणारा माणूस लवकर मरतो, तो छातीच्या रोगाने मरतो आणि तोंडावर कापड बांधले तर बरे, एवढे लिहून ठेवलेले होते. हे साल लक्षात ठेवावे, ही विनंती.

(१०)
त्या सुवर्णकाळाचे, खरे तर रौप्यकाळाचे, दुसरे मोठे नाव योहानेस माथेझिउस. लुथरच्या घरी जेवणाच्या मेजावर बसून त्याची संभाषणे टिपून ठेवणाऱ्यांपैकी हा एक. १५३२ मध्ये तो इथल्या लॅटिन शाळेचा प्रमुख झाला, पुढे गावाचा धर्मोपदेशक. रविवारी समोर बसलेले श्रोते खाणकामगार. म्हणून बायबलमधला प्रत्येक धातू, प्रत्येक भट्टी, प्रत्येक दगड घेऊन त्याने त्यांच्याच भाषेत प्रवचने दिली. ती ‘सारेप्टा’ नावाने १५६२ मध्ये छापली गेली आणि आज ती धर्माइतकीच खाणकामाच्या इतिहासाची साधने मानली जातात. संत योआखिमचे चर्च याच काळातले, १५३४ ते १५४० मधले. लुथरपंथीयांसाठी बोहेमियात नव्याने बांधलेले पहिले चर्च म्हणून ते ओळखले जाते. लॅटिन शाळेचा ग्रंथसंग्रहही बऱ्याच अंशी वाचला आहे. डोंगरातल्या खाणकामगारांच्या मुलांसाठी सोळाव्या शतकात जमवलेली पुस्तके आज हाती लागतात, हे भाग्यच.

(११)
उतरती कळा लवकर लागली. वरच्या थरांतली चांदी संपली, खोल जावे तर पाणी उपसण्याचा खर्च परवडेना, आणि दक्षिण अमेरिकेतून स्वस्त चांदीचे लोंढे येऊ लागले. १६२० नंतर हाब्सबुर्गांनी बोहेमियात कॅथलिक धर्म सक्तीने पुन्हा आणला तेव्हा अनेक लुथरपंथी घरे सीमा ओलांडून सॅक्सनीत गेली. सीमा डोंगरमाथ्यावरच होती, चालत जाता येत होते. सतराव्या शतकात टाकसाळ बंद झाली. पुढची दोनशे वर्षे इतर छोट्या डोंगरी गावांसारखीच गेली. १८७३ मध्ये मोठी आग लागली, गावाचा मोठा भाग आणि चर्चही जळाले. आज दिसते ते चर्च त्यानंतर सावरलेले आहे.

(१२)
चांदीच्या शिरेत जड, काळा, डांबरासारखा चकाकणारा एक दगड वारंवार लागे. तो लागला की चांदी संपली, असा कामगारांचा अनुभव. जर्मनमध्ये ‘पेख’ म्हणजे डांबर, आणि बोलीत ‘पेख’ म्हणजे दुर्दैवही. म्हणून हा पेखब्लेंड, म्हणजेच आपल्याला पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेला पिचब्लेंड. तो कचऱ्यात टाकला जाई. १७८९ मध्ये बर्लिनच्या मार्टिन क्लाप्रोटने याच पर्वतरांगेतल्या पिचब्लेंडमधून नवे मूलद्रव्य शोधले आणि नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याला युरेनियम हे नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर याखिमोवमध्ये आडोल्फ पातेरा या रसायनज्ञाने त्यापासून रंग बनवण्याची पद्धत बसवली. बोहेमियाची पिवळी-हिरवी, अंधुक उजेडात झळकल्यासारखी वाटणारी काच ती हीच. रंग काढून घेतल्यावर उरलेला तपकिरी गाळ कारखान्यामागच्या पाइनच्या जंगलात टाकला जाई.

(१३)
पॅरिसमध्ये मारी आणि पिएर क्यूरी यांना १८९८ मध्ये जाणवले की पिचब्लेंड हे त्यातल्या युरेनियमपेक्षा कितीतरी अधिक किरणोत्सारी आहे. म्हणजे त्यात आणखी काही असले पाहिजे. पिचब्लेंड महाग, त्यांच्याजवळ पैसे नाहीत. पण हवे असलेले द्रव्य रंगाच्या कारखान्याने टाकलेल्या गाळात शिल्लक असणार, हा त्यांचा तर्क होता. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी मध्यस्थी केली आणि ऑस्ट्रियाच्या सरकारने एक टन गाळ विनामूल्य दिला. पोती पॅरिसला पोहोचली तेव्हा त्या तपकिरी मातीत पाइनच्या सुया मिसळलेल्या होत्या. पुढे आणखी काही टन गाळ मागवला गेला. १९०२ मध्ये, चार वर्षे घुसळून-आटवून, मारी क्यूरीच्या हाती शुद्ध रेडियम क्लोराइड आले. वजन : ग्रॅमचा दहावा हिस्सा.

रेडियमची किंमत कळताच ऑस्ट्रियाने धातुकाच्या निर्यातीवर बंधने घातली. कालपर्यंत फुकट असलेला गाळ आज राज्याची दौलत झाला.

(१४)
खाणीतून निघणारे पाणीही किरणोत्सारी आहे हे कळल्यावर १९०६ मध्ये इथे स्नानोपचार सुरू झाले आणि १९१२ मध्ये ‘रेडियम पॅलेस’ हे भव्य आरोग्यधाम उघडले. त्या काळात रेडियम म्हणजे संजीवनी अशी समजूत होती. युरोपातील धनाढ्य लोक सांधेदुखीसाठी दरीत येऊ लागले. १९२५ मध्ये मारी क्यूरी स्वतः येऊन खाण पाहून गेली.

आता या चित्राची दुसरी बाजू. पर्वताच्या सॅक्सन उतारावर श्नेबेर्ग येथे हेर्टिंग आणि हेसे या दोन वैद्यांनी १८७९ मध्येच दाखवून दिले होते की, खाणकामगारांचा ‘डोंगरी रोग’ हा क्षय नसून फुप्फुसाची घातक गाठ आहे. याखिमोवमध्ये १९२० च्या दशकाच्या अखेरीस मृत कामगारांची शवविच्छेदने झाली, तेव्हा तोच निष्कर्ष निघाला. संशयाची सुई खाणीतल्या हवेतील रेडॉन वायूकडे वळली. १९३२ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने फुप्फुसाचा कर्करोग हा इथल्या खाणकामगारांचा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला.

म्हणजे १५५६ मध्ये लक्षणे लिहिली गेली, १८७९ मध्ये रोग ओळखला गेला, १९३२ मध्ये तो सरकारदप्तरी नोंदला गेला. यानंतर कोणालाही ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता येणार नव्हते.

(१५)
१९३८ च्या म्युनिक करारानंतर हा सारा सीमाप्रदेश हिटलरच्या जर्मनीत गेला आणि त्याबरोबर युरेनियमच्या खाणीही. आइनस्टाइनची स्वाक्षरी असलेले, अध्यक्ष रूझवेल्ट यांना उद्देशून ऑगस्ट १९३९ मध्ये लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. जर्मनीने ताब्यात घेतलेल्या चेकोस्लोव्हाकियातील खाणींमधून होणारी युरेनियमची विक्री थांबवली आहे, याकडे त्या पत्राच्या शेवटी लक्ष वेधले आहे. जगाच्या राजकारणात त्या वेळी या खाणींचे वजन काय होते, हे त्यावरून कळते.

१९४५ मध्ये युद्ध संपले. नोव्हेंबरमध्ये चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि याखिमोवचे युरेनियम मॉस्कोकडे जाणार हे ठरले. त्याच सुमारास देशातील जर्मन भाषकांची हकालपट्टी सुरू झाली. सुमारे तीस लाख माणसे देशाबाहेर घालवली गेली. याखिमोव स्थापनेपासून मुख्यतः जर्मन भाषकांचेच गाव. माथेझिउसची प्रवचने ज्यांच्या पूर्वजांनी ऐकली, खाणीतला रोग ज्यांनी घरोघरी पाहिला, ती घरे एक-दोन वर्षांत रिकामी झाली. नाझी राजवटीच्या अत्याचारांनंतर चेक समाजात उसळलेला संताप समजण्यासारखा आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला हेही नोंदवावे लागते की, त्या हकालपट्टीत गावाची चारशे वर्षांची स्मृतीही हद्दपार झाली.

(१६)
खाणींना माणसे हवी होती. प्रथम जर्मन युद्धकैदी आणले गेले. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्यावर नवा पुरवठा उपलब्ध झाला : राजकीय कैदी. विद्यार्थी, शेतकरी, धर्मगुरू, युद्धात ब्रिटनच्या बाजूने लढून परतलेले सैनिक, बालवीर चळवळीतले कार्यकर्ते. दरीभोवती काटेरी तारांच्या श्रमछावण्या उभ्या राहिल्या. काहींची नावे खाणींवरूनच आलेली : स्वोर्नोस्त, रोव्नोस्त, ब्रात्रस्त्वी. अर्थ अनुक्रमे एकोपा, समता, बंधुता. यावर भाष्य करण्याचा मोह आवरते.

स्वोर्नोस्तच्या छावणीतून खाणीकडे जाणाऱ्या तारबंद पायऱ्यांना कैद्यांनी ‘माउटहाउझेनच्या पायऱ्या’ हे नाव ठेवले, नाझी छळछावणीच्या कुप्रसिद्ध दगडी पायऱ्यांवरून. कैद्यांना दाटीने एकत्र उभे करून सर्वांभोवती पोलादी दोर आवळायचा आणि तशा मोळीनिशी त्यांना कामावर चालवत न्यायचे, या पद्धतीला त्यांनी ‘रशियन बस’ म्हटले. स्वतःला ते ‘मुक्ल’ म्हणत. ‘संपवण्यासाठी निवडलेला माणूस’ या चेक शब्दांची ती आद्याक्षरे, अशी त्या शब्दाची फोड सांगितली जाते. ठरलेला कोटा पूर्ण झाला नाही की अन्न कमी. आणि धुळीपासून संरक्षण? आग्रिकोलाने सांगितलेले तोंडावरचे कापडही त्यांना कोणी पुरवले नाही.

(१७)
दरीच्या खालच्या तोंडाशी, ओस्त्रोव्ह गावाजवळ विक्मानोव्ह येथे लाल विटांचा सात मजली मनोरा उभा आहे. सगळ्या खाणींतील धातुक इथे येई. दळले जाई, निवडले जाई, पिंपांत भरून सोव्हिएत संघाकडे रवाना होई. हे काम करणाऱ्या कैद्यांची छावणी ‘एल’ या अक्षराने ओळखली जाई. दिवसभर युरेनियमच्या भुकटीत काम, तीच भुकटी कपड्यांवर, जेवणात, झोपण्याच्या जागी. कैद्यांनी या इमारतीला दिलेले नाव आज अधिकृत झाले आहे : मृत्यूचा लाल मनोरा.

एकच उदाहरण देते. चेकोस्लोव्हाकियाचा आइस हॉकी संघ १९४७ आणि १९४९ मध्ये जगज्जेता होता. बोहुमिल मोद्री हा त्याचा गोलरक्षक, युरोपातल्या सर्वोत्तमांपैकी एक. मार्च १९५० मध्ये, संघ लंडनच्या जागतिक स्पर्धेला निघण्याच्या बेतात असताना, खेळाडू देश सोडून पळण्याच्या विचारात आहेत या आरोपावरून धरपकड झाली. मोद्रीला पंधरा वर्षांची सजा झाली आणि युरेनियमच्या खाणींत काम करावे लागले. १९५५ मध्ये तो सुटला. १९६३ मध्ये वारला, वय ४६. ज्या संघाच्या विजयावर देश नाचला होता, त्यातले बहुतेक अटक झालेले खेळाडू याच दरीत पाठवले गेले होते.

(१८)
१९६० च्या सार्वत्रिक माफीनंतर छावण्या ओसरल्या आणि १९६४ मध्ये याखिमोवमधील युरेनियमचे खाणकाम बंद झाले. एक खाण मात्र चालू आहे : स्वोर्नोस्त. सोळाव्या शतकात चांदीसाठी खणलेली, आता केवळ पाण्यासाठी जपलेली. जवळपास ५०० मीटर खोलीवरच्या झऱ्यांचे रेडॉनयुक्त पाणी वर उपसून स्नानगृहांना पुरवले जाते. एका झऱ्याला क्यूरीचे नाव आहे, एकाला आग्रिकोलाचे, आणि एकाला फ्रान्तिशेक बेहोउनेक यांचे. हे गृहस्थ पॅरिसला क्यूरीच्या प्रयोगशाळेत शिकलेले. १९२८ मध्ये उत्तर ध्रुवाहून परतताना कोसळलेल्या ‘इटालिया’ या हवाई जहाजातून वाचलेल्यांपैकी एक. त्यांच्यावर स्वतंत्र धागा लिहिण्याजोगे आयुष्य आहे. रेडॉनस्नानाच्या उपयोगाविषयी वैद्यकात एकमत नाही. तरी सांधे आणि पाठीच्या दुखण्यासाठी लोक डॉक्टरांच्या चिठ्ठीने इथे येतात.

(१९)
कोणी कार्लोव्ही वारीपर्यंत गेलेच तर एक दिवस काढून इथे अवश्य चढावे. मुख्य रस्त्याने वर जाताना टाकसाळीचे संग्रहालय लागते, चर्च लागते, सोळाव्या शतकातल्या श्रीमंतीच्या खुणा असलेली दारे-खिडक्या लागतात. मधूनच भकास, पडझड झालेली घरेही, ज्यांचे धनी १९४६ नंतर परत आले नाहीत. ‘पहिला बोगदा’ नावाची खाण हंगामात पाहता येते. गावाच्या वर ‘याखिमोवचा नरक’ नावाची सुमारे साडेआठ किलोमीटरची पायवाट छावण्यांच्या जागांवरून फिरते. बहुतेक ठिकाणी जंगल, गवत आणि एक माहितीफलक, एवढेच उरले आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने या पर्वतरांगेचा खाणप्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्या यादीत याखिमोव आहे, आणि तो लाल मनोराही.

दरीच्या खालच्या अंगाला रेडियम पॅलेस आहे. तिथे टबात वीसेक मिनिटे बसण्यासाठी जे पाणी येते, ते ज्या खाणीतून निघते तिच्या तोंडाशी वरच्या छावणीच्या त्या पायऱ्यांची वाट येऊन मिळते.